डेसिबेल: टेलिफोनच्या तारेत जन्मलेले आवाजाचे माप

डेसिबेल म्हटले की आज मिरवणुका, फटाके, विमानतळ आणि कारखाने आठवतात. पण हे माप आवाज मोजण्यासाठी तयार झालेच नव्हते. टेलिफोनच्या तारेतून जाताना विजेच्या संदेशाची शक्ती किती घटते याचा हिशोब ठेवण्यासाठी अमेरिकेतल्या टेलिफोन अभियंत्यांनी ते १९२० च्या दशकात घडवले. आवाजाच्या मोजणीत ते मागाहून आले आणि तिथे इतके रुजले की त्याच्या मूळ घराचा विसर पडला. या मापाविषयीचे बरेचसे गैरसमज त्या विसरातूनच आले आहेत. मीटर किंवा किलोग्रॅम एखादी राशी थेट मोजतात, तर डेसिबेल दोन राशींचे गुणोत्तर सांगतो. तुलना कशाशी केली हे कळल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ येत नाही.

अशा मापाची गरज का पडली, हे ध्वनीच्या पल्ल्यावरून कळते. ध्वनीची तीव्रता म्हणजे एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला वाहणारी ध्वनिऊर्जा. ती वॉट प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता सुमारे एका वॉटच्या लाख कोटीव्या भागाइतकी असते. कान दुखू लागतो त्या आवाजाची तीव्रता एका वॉटच्या आसपास जाते. म्हणजे या दोन टोकांमध्ये एकावर बारा शून्ये इतक्या पटीचे अंतर आहे. हवेच्या दाबात पाहिले तर सर्वांत मंद ऐकू येणारा आवाज वातावरणाच्या नेहमीच्या दाबात पाचशे कोटीव्या भागाइतकाच फरक घडवतो. एवढा पल्ला साध्या आकड्यांत लिहिता येईल, पण त्यात रोजचे काम करणे अशक्य आहे.

त्यावरचा उपाय गणितात कधीचाच तयार होता. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली आणि लंडनच्या हेन्री ब्रिग्जने पुढच्या काही वर्षांत ती दहाच्या पायावर आणली. दहाचा कितवा घात घेतला की हवी ती संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा लॉगरिदम: शंभराचा २, हजाराचा ३, दहा लाखांचा ६. गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी होते, हा त्याचा मोठा लाभ. भारतीय वाचकाने इथे वीरसेनाचीही आठवण ठेवायला हवी. नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्याच्या ‘धवला’ या टीकेत ‘अर्धच्छेद’ येतो. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तिसाचा अर्धच्छेद पाच. आजच्या भाषेत हा दोनच्या पायावरचा लॉगरिदम. ती परंपरा ध्वनीपर्यंत पोचली नाही, पण विचार तोच होता.

लॉगरिदमवर बसवलेले मोजमाप विज्ञानात आधी प्रकाशासाठी वापरले गेले. ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्राचीन प्रतवारी नॉर्मन पॉगसनने १८५६ मध्ये गणितात बांधली. पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात शंभरपट फरक, असे त्याने ठरवले. हाच पॉगसन १८६१ पासून अखेरपर्यंत मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता. ध्वनीला असा पॉगसन लगेच मिळाला नाही. तारा रात्रभर जागेवर असतो आणि शेजारच्या ताऱ्याशी ताडून पाहता येतो. आवाज मात्र निघाला की विरतो आणि आधीचा आवाज स्मरणातच उरतो.

या अडचणीलाच कामाला लावणारा माणूस म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातला वॉलेस सॅबिन. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते, कारण उच्चारलेला शब्द तिथे कित्येक सेकंद घुमत राही आणि पुढच्या शब्दांत मिसळे. ते दुरुस्त करण्याचे काम सॅबिनकडे आले. विजेवर चालणारे ध्वनिमापक तेव्हा नव्हते. त्याच्याजवळ ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारे यंत्र आणि स्वतःचे कान एवढेच होते. रस्ते शांत व्हावेत म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पूर्ण नाहीसा होईपर्यंतचा वेळ नोंदवायचा. रिकाम्या दालनात हा वेळ ५.६२ सेकंद भरला. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या आणून दालनात भरल्यावर तो १.१४ सेकंदांवर आला.

डेसिबेलच्या इतिहासासाठी सॅबिनचा दुसरा एक प्रयोग याहून मोलाचा आहे. त्याने सारख्या चार नळ्या एकमेकींपासून दूर ठेवल्या आणि आधी एक, मग दोन, तीन, चार अशा वाजवून प्रत्येक वेळी आवाज विरण्याचा वेळ मोजला. चार नळ्यांची तीव्रता एकीच्या चौपट, पण वेळ चौपट झाला नाही. तो थोडाच वाढला. दुसऱ्या नळीमुळे जेवढा वेळ वाढला, त्याच्या दुप्पट वाढ चार नळ्या वाजवल्यावर झाली. चाराचा लॉगरिदम दोनाच्या लॉगरिदमच्या दुप्पट असतो, त्याचेच हे रूप. बंद दालनातला आवाज दर क्षणी ठरावीक पटीने घटतो, म्हणून घड्याळाचे सेकंद हेच तीव्रतेच्या लॉगरिदमचे माप झाले. आपली नळी ऐकू येण्याच्या सीमेपेक्षा किती पट जोरात वाजते, हे त्याला यावरून काढता आले. आवाज दहा लाखाव्या भागावर येण्यास लागणारा काळ म्हणजे त्या दालनाचा निनादकाल, ही व्याख्या त्याच्याच कामातून आली. आजची पुस्तके तीच व्याख्या ‘साठ डेसिबेल घट’ अशी देतात. डेसिबेल नसताना, केवळ कान आणि घड्याळ यांच्या आधारे केलेली ध्वनितीव्रतेची ही तुलना प्रायोगिक विज्ञानातल्या सुंदर कामांपैकी एक आहे.

टेलिफोनवाल्यांपुढचा प्रश्न वेगळा होता. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तारा शहराबाहेर दूरवर गेल्या. तार जितकी लांब तितका आवाज क्षीण. नवी केबल किंवा नवे उपकरण आधीच्यापेक्षा किती बरे, हे आकड्यात सांगण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘प्रमाण केबलचा मैल’ हे माप रूढ झाले. या प्रमाण केबलच्या दर मैलाला जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून ८८ ओहम रोध आणि ०.०५४ मायक्रोफॅरड धारिता धरलेली असे. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मैलोगणती केबल अंथरावी लागत नसे. तेच गुण असलेली रोध आणि धारित्रांची जुळणी पेटीत बसवलेली असे.

चाचणी कानानेच होई. एकजण ठरावीक वाक्ये बोले. दुसरा आळीपाळीने दोन मार्गांवरून ऐके. एका मार्गात तपासायची तार, दुसऱ्यात प्रमाण केबलची पेटी. दोन्हीकडचा आवाज सारखा वाटेपर्यंत पेटीतले मैल कमीजास्त करायचे. वीस मैलांवर जुळले तर तपासलेल्या तारेची घट ‘वीस मैल’. हे माप व्यवहारी होते, शिवाय ते नकळत लॉगरिदमचेच होते. प्रत्येक मैल शक्ती ठरावीक पटीने घटवतो; मैलांची बेरीज होते तेव्हा मुळात पटींचा गुणाकार होत असतो.

दोष होता तो दुसरीकडे. अशा केबलमधली घट वारंवारतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते: वारंवारता चौपट झाली की दर मैलाची घट दुप्पट. म्हणजे खर्जाच्या सुरासाठी मैल एक आणि उंच सुरासाठी दुसराच. शिवाय ही केबल बोलणे मंद करी तसे विकृतही करी, त्यामुळे तिच्याशी तुलना करणे म्हणजे एका खोटीशी दुसरी ताडण्यासारखे होते. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही सुमारे ३४०० मैलांची टेलिफोन सेवा सुरू झाली, तेव्हा हा दोष आणखी जाणवू लागला. या मार्गावर निर्वात नळीचे रिपीटर होते. तारेने शक्ती घटवायची आणि रिपीटरने वाढवायची. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे घट आणि वाढ एकाच एककात मांडता यायला हवी होती, आणि ‘इतके मैल वाढ’ असे लिहिणे विचित्र होते. केबलशी काही संबंध नसलेले, कोणत्याही वारंवारतेला सारखेच राहणारे माप हवे होते.

अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या डब्ल्यू. एच. मार्टिन यांनी १९२४ मध्ये अशा मापाची मांडणी ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे साधेसे नाव होते ‘ट्रान्समिशन युनिट’. दोन शक्तींचे गुणोत्तर घ्यायचे, त्याचा दहाच्या पायावरचा लॉगरिदम काढायचा आणि त्याला दहाने गुणायचे. दहाने का गुणायचे, हा प्रश्न आजही विद्यार्थ्यांना पडतो आणि पाठ्यपुस्तके बहुधा त्याला बगल देतात. उत्तर त्या मैलात आहे. प्रमाण केबलचा एक मैल बोलण्याच्या मध्यम वारंवारतेला, सुमारे ८०० हर्ट्झला, नव्या मापाने ०.९५ भरतो. दहाने गुणल्यामुळे नवे एकक जुन्या मैलाच्या इतके जवळ आले की वीस वर्षे मैलांत विचार करणाऱ्या अभियंत्यांना आपला अंदाज बदलावा लागला नाही. काल तीस मैल म्हणत, ते आज अठ्ठावीस-साडेअठ्ठावीस झाले. हे एकक जेमतेम जाणवणाऱ्या फरकाच्या आसपास पडते, हाही एक लाभ होता.

युरोपात काही देशांना नैसर्गिक लॉगरिदमवरचे एकक अधिक शास्त्रशुद्ध वाटत होते. दूर पल्ल्याच्या टेलिफोनसाठीच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीत दोन्ही पक्ष मांडले गेले आणि दोन्ही एकके मान्य झाली. नैसर्गिक लॉगरिदमच्या एककाला नेपियरवरून ‘नेपर’ आणि दशमान एककाला १९२२ मध्ये निधन पावलेल्या बेलच्या नावावरून ‘बेल’ म्हणायचे ठरले. बेल कामाला फार मोठा पडे, म्हणून त्याचा दहावा भाग, डेसिबेल, वापरात राहिला. अमेरिकेत १९२८ मध्ये ‘ट्रान्समिशन युनिट’चे नाव बदलून डेसिबेल झाले. एका नेपरमध्ये सुमारे ८.६९ डेसिबेल येतात. नेपर आज मोजक्या तांत्रिक लेखनापुरताच उरला आहे.

या व्याख्येतून निघणारे काही आकडे पाठ असले की पुढचे सगळे सोपे होते. तीव्रता दहापट म्हणजे १० डेसिबेल वाढ, शंभरपट म्हणजे २०, हजारपट म्हणजे ३०. दुप्पट म्हणजे जवळपास ३, आणि एक डेसिबेल म्हणजे १.२६ पट. तीव्रता ध्वनिदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दाब दुप्पट झाला की ३ ऐवजी ६ डेसिबेल वाढतात. दाबाच्या सूत्रात दहाऐवजी वीस येतात ते यामुळे. उघड्यावर लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबेलने उतरते. ७० डेसिबेलची दोन यंत्रे एकत्र चालली की १४० होत नाहीत, ७३ होतात. ७० आणि ६० एकत्र आले तर ७०.४. दहा डेसिबेलने कमी असलेला आवाज मोठ्या आवाजात जवळजवळ बुडून जातो. तीव्रतांची बेरीज करायची असते, डेसिबेलची नाही. सगळी गफलत इथेच होते.

टेलिफोनमधून हे माप ध्वनीकडे वळले ते श्रवणाच्या अभ्यासामुळे. माणूस काय आणि किती ऐकतो हे कळल्याशिवाय टेलिफोन सुधारता येत नव्हता. हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी श्रवणमापक यंत्रे बनवली आणि १९२० च्या दशकात ती कानाच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. तीच यंत्रे रस्त्यावर नेऊन ई. ई. फ्री यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कचा गोंगाट मोजला. तक्रारी वाढत गेल्या आणि १९२९ मध्ये त्या शहराच्या आरोग्य विभागाने गोंगाट निवारण आयोग नेमला. मोजणीची उपकरणे बसवलेला ट्रक शहरभर फिरला आणि १९३० मध्ये ‘सिटी नॉइज’ हा अहवाल निघाला. काही ठिकाणी इतका गोंगाट होता, की तिथे बंगालचा किंवा सैबेरियाचा वाघ डरकाळ्या देत राहिला तरी येणाऱ्याजाणाऱ्यांचे लक्ष जाणार नाही, असे त्यात नोंदवले आहे. सामान्य वाचकाला डेसिबेल हा शब्द कळला तो अशा बातम्यांतून.

तोवर एक मूलभूत गोष्ट राहिली होती. टेलिफोनमध्ये तुलना तारेच्या दोन टोकांची असे, म्हणून वेगळ्या शून्याची गरज नव्हती. रस्त्यावरच्या आवाजाची तुलना कशाशी करायची? शून्य एक नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडता येत नाहीत. अमेरिकेच्या १९३६ च्या मानकांनी आणि १९३७ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा गुंता सोडवला. हवेतल्या ध्वनीसाठी शून्य म्हणजे २० मायक्रोपास्कल दाब. तीव्रतेत एका वॉटचा लाख कोटीवा भाग दर चौरस मीटरला. निवड श्रवणाच्या सीमेजवळची होती. म्हणून शून्य डेसिबेल म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, आणि याहून मंद आवाजाची पातळी उणे येते. पाण्यातल्या ध्वनीसाठी शून्य एका मायक्रोपास्कलवर धरतात. तेवढ्यानेच दोन मापांत २६ डेसिबेलचा फरक पडतो, त्यामुळे देवमाशाच्या हाकेचा आकडा विमानाच्या आवाजाशेजारी मांडणे चुकीचे ठरते.

कान लॉगरिदमनेच ऐकतो आणि म्हणून डेसिबेल निघाला, असे अनेकदा सांगितले जाते. त्यामागे गुस्ताव फेक्नरचा १८६० चा सिद्धांत आहे: उद्दीपन पटीने वाढते तेव्हा संवेदना बेरजेने वाढते. इतिहास मात्र तसा नाही. हे माप केबलच्या हिशोबातून आले. शिवाय कानाचे वर्तन या सिद्धांताला पुरते धरूनही नाही. हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३६ मध्ये जाणवणाऱ्या मोठेपणासाठी ‘सोन’ हे एकक सुचवले. मध्यम आवाजात १० डेसिबेलची वाढ ऐकणाऱ्याला ढोबळमानाने दुप्पट वाटते. म्हणजे तीव्रता दहापट, जाणीव दुप्पट. या दोहोंपैकी काय सांगितले जात आहे हे स्पष्ट नसेल तर डेसिबेलचा आकडा दिशाभूल करतो.

कान सगळ्या सुरांना सारखा वागवत नाही, ही दुसरी अडचण. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये सारख्या मोठेपणाच्या सुरांचे आलेख प्रसिद्ध केले. मंद आवाजात कान खर्जाला फार कमी दाद देतो, असे त्यांतून दिसले. ध्वनिमापकाने कानासारखे वागावे म्हणून १९३६ च्या मानकात ‘ए’ भारांकन आले. ते १०० हर्ट्झच्या सुरातून सुमारे १९ आणि ५० हर्ट्झच्या सुरातून सुमारे ३० डेसिबेल वजा करते. नंतर आलेले ‘सी’ भारांकन ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबेल कमी करते. ‘ए’ चा पाया मंद आवाजांच्या आलेखावर आहे. पण ते सोपे होते, यंत्रात बसवायला स्वस्त होते, आणि हळूहळू सगळ्याच आवाजांसाठी तेच चालू झाले.

भारतात ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले आणि त्यांतल्या मर्यादा याच ‘ए’ मापात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस सकाळी सहा ते रात्री दहा. हे आकडे एका क्षणाचे नसून काळावरचे सरासरी आहेत. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेलने जास्त चालतो, मात्र ७५ च्या वर नाही. ही दहाची सवलत ऐकायला किरकोळ वाटते, पण तीव्रतेत ती दहापट आहे. निवासी भागातल्या ५५ ऐवजी मिरवणुकीत ८५ भरले, तर तीव्रता हजारपट असते.

महाराष्ट्रातल्या गणेशोत्सवाच्या चर्चेत हे गणित थेट उपयोगी पडते. ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावरचे दहा ढोल एका ढोलापेक्षा १० डेसिबेल जास्त, शंभर ढोल २० जास्त. पथकातले निम्मे ढोल कमी केले तर मीटर ३ डेसिबेलने उतरतो. अंतरावर मर्यादा घालणे ढोल मोजण्यापेक्षा जास्त परिणामकारक का, ते यावरून दिसते. डीजेच्या भिंतीचा प्रश्न तर ‘ए’ मापाच्या मर्यादेवरच बोट ठेवतो. छातीत धडधड आणि खिडक्यांची थरथर घडवणारा ४०-५० हर्ट्झचा खर्ज ‘ए’ मीटरमध्ये तीस किंवा त्याहून अधिक डेसिबेल वजा होऊन उमटतो. शेजाऱ्याची तक्रार खरी असते आणि मीटरचा आकडाही खरा असतो. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

फटाक्यांसाठी १९९९ च्या नियमाने निराळीच मोजणी ठरवली: स्फोटापासून चार मीटरवर, आणि मर्यादा क्षणिक आवाजांच्या ‘ए’ मापात १२५ किंवा ‘सी’ मापातल्या शिखर-दाबासाठी १४५ डेसिबेल. माळेतल्या फटाक्यांसाठी त्याच नियमात चक्क लॉगरिदम लिहिलेला आहे. माळेत जितके फटाके असतील त्या संख्येच्या लॉगरिदमला पाचाने गुणायचे आणि तितके डेसिबेल मर्यादेतून वजा करायचे. शंभर फटाक्यांच्या माळेसाठी दहा वजा, म्हणजे प्रत्येक फटाक्याला १२५ ऐवजी ११५; हजारांच्या माळेला पंधरा वजा, म्हणजे ११०. शंभर फटाक्यांची सगळी ऊर्जा एकत्र धरली असती तर वीस वजा करावे लागले असते. नियमाने त्याच्या निम्मी घट पुरेशी मानली आहे.